पत्राचें नांव आणि पत्राचें ठिकाण

पुण्याच्या ईशान्येस, मुळामुठेच्या पलीकडे असलेलें येरवडा हें गांव देशाच्या इतिहासांत तेथील तुरुंगामुळें प्रसिद्ध झालें, हें सर्वश्रुत आहे. परंतु या तुरुंगाच्या भिंतींआडून निघालेल्या पत्रांनीं ग्रंथांचे खंडच्या खंड भरले आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. महात्मा गांधी १९२२ च्या मार्चमध्यें येथें प्रथम आले व १९२४ च्या जानेवारींत ससून रुग्णालयांत त्यांच्यावर शस्त्रक्रिया होईपर्यंत येथें राहिले. पुढें १९३० च्या मे महिन्यापासून २६ जानेवारी १९३१ पर्यंत, आणि पुन्हा १९३२ च्या जानेवारीपासून ८ मे १९३३ पर्यंत त्यांचा मुक्काम येथेंच होता. १९४२ ते १९४४ या काळांत ते येरवड्यासच नगर रस्त्यावरील आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध होते. तुरुंगास ते 'येरवडा मंदिर' म्हणत, आणि १९३० नंतरच्या पुष्कळ पत्रांच्या माथ्यावर हेंच नांव आढळतें.

एवढ्या कागदांच्या राशींतून एक विवक्षित पत्र नेमकें ओळखावें कसें, हा प्रश्न वरकरणीं कारकुनी वाटतो. वस्तुतः इतिहासाचा पाया त्यावर उभा असतो. अमुक विचार अमुक दिवशीं अमक्यानें मांडला, असें एखाद्या ग्रंथकारानें लिहिलें, तर वाचकास तो कागद काढून पाहतां आला पाहिजे. तसें पाहतां येत नसेल, तर ग्रंथकाराचें विधान आणि ऐकीव गोष्ट यांत भेद उरत नाहीं. छापील ग्रंथांच्या काळीं हा प्रश्न कोणत्या रीतीनें सोडविला गेला, आणि संगणकाच्या काळीं तोच पुन्हा कसा उभा राहिला, ही हकीकत येरवड्याच्या पत्रांच्या निमित्तानें पाहण्यासारखी आहे.

पत्रावर तारीख असते, ज्यास लिहिलें त्याचें नांव असतें. ओळख पटविण्यास आणखी काय हवें, असें कोणी विचारील. येरवड्याचींच पत्रें या शंकेचें उत्तर देतात. १९३० सालीं गांधीजी साबरमतीच्या आश्रमाकडे टपालाचा पुडका पाठवीत. त्यांत आश्रमाचे व्यवस्थापक नारणदास गांधी यांचें पत्र असे, आणि त्यासोबत आश्रमांतील स्त्रीपुरुषांस व मुलांस लिहिलेल्या अनेक चिठ्ठ्या असत. अर्थात् एकाच तारखेचीं अनेक पत्रें निघत. नारणदासांचें पत्र पुष्कळदां कित्येक दिवस चाले. तेव्हां त्यास आरंभाची एक व समाप्तीची एक अशा दोन तारखा लागत. कांहीं चिठ्ठ्यांवर तारीखच नसे. ती पुढें संपादकांनीं मजकुरावरून अनुमानानें ठरविली व चौकटी कंसांत घातली. परंतु अनुमानानें ठरविलेली तारीख नवा पुरावा मिळतांच बदलूं शकते. जी गोष्ट बदलूं शकते, तिच्यावर ओळख अवलंबून ठेवतां येत नाहीं.

याहून अवघड प्रसंगहि आहेत. मंगळवार, २२ जुलै १९३० रोजीं सकाळच्या प्रार्थनेनंतर गांधीजींनीं सत्य या व्रतावर विवेचन लिहिलें व तें आश्रमास धाडलें. त्यानंतर मंगळवारामागून मंगळवार असें एकेक व्रत घेऊन ते लिहीत गेले. हीं विवेचनें पुढें गुजरातींत 'मंगल प्रभात' या नांवानें पुस्तकरूप झालीं, आणि वालजी गोविंदजी देसाई यांनीं त्यांचें इंग्रजी भाषांतर 'फ्रॉम येरवडा मंदिर' या नांवानें केलें. म्हणजे एकच मजकूर एके ठिकाणीं पत्र आहे, दुसऱ्या ठिकाणीं प्रकरण आहे, आणि तिसऱ्या ठिकाणीं भाषांतर आहे. उलट, १४ एप्रिल १९२२ रोजीं हकीम अजमलखान यांस लिहिलेलें पत्र सरकारनें अडवून ठेविलें. तें ज्याचें त्यास वेळेवर पोहोंचलें नाहीं, पण म्हणून तें लिहिलेंच गेलें नव्हतें, असें होत नाहीं. न पोहोंचलेल्या पत्रासहि नोंदींत जागा लागते.

या सर्व अडचणींतून वाट काढण्याचा भार भारत सरकारच्या प्रकाशन विभागानें १९५६ सालीं हातीं घेतलेल्या एका योजनेवर पडला. गांधीजींचें सर्व लेखन, भाषणें व पत्रें कालक्रमानें छापावयाचीं, असा ती योजना करणारांचा संकल्प होता. भारतन् कुमारप्पा, जयरामदास दौलतराम आणि त्यांच्यामागून १९६० पासून के. स्वामिनाथन् यांनीं प्रमुख संपादकाचें काम पाहिलें. पहिला खंड १९५८ सालीं निघाला. अखेरीस खंडांची संख्या शंभरावर पोहोंचली. येरवड्याच्या १९३० सालच्या पत्रांचा मोठा भाग ४४ व्या खंडांत आहे, आणि १९३२-३३ सालचीं पत्रें ४९ ते ५५ या खंडांत पसरलेलीं आहेत.

या संपादकांनीं प्रत्येक नोंदीच्या शेवटीं एक लहानशी ओळ छापण्याची शिस्त पाळली. मूळ कागद अहमदाबादच्या साबरमती संग्रहालयांतील असेल, तर 'एस्. एन्.' हीं अक्षरें व पुढें आंकडा. दिल्लीच्या गांधी स्मारक संग्रहालयांतील असेल, तर 'जी. एन्.' व आंकडा. आणि संपादकांनीं स्वतः मिळविलेला असेल, तर 'सी. डब्ल्यू.' व आंकडा. पुढें सासवडच्या आश्रमांत काम करणाऱ्या प्रेमाबहेन कंटक यांस येरवड्याहून गेलेल्या पत्रांखालीं पुष्कळदां 'जी. एन्.' व 'सी. डब्ल्यू.' असे दोन्ही आंकडे आढळतात. कारण त्याच कागदाची प्रतिमा दोन्ही संग्रहांत आहे. सामान्य वाचकाचें लक्ष या बारीक अक्षरांच्या ओळीकडे जात नाहीं. परंतु सबंध ग्रंथमालेंतील सर्वांत टिकाऊ मजकूर कोणता, असें विचारल्यास या ओळीकडेच बोट दाखवावें लागेल.

याचें कारण असें कीं, खुणा दोन प्रकारच्या असतात. एक खूण वस्तूचें नांव सांगते, दुसरी तिचें ठिकाण सांगते. 'जी. एन्.' हा आंकडा त्या पत्राचें नांव आहे. पत्र इंग्रजी खंडांत छापा, हिंदी 'संपूर्ण गांधी वाङ्मया'त छापा, किंवा ८२ खंडांच्या गुजराती 'अक्षरदेहां'त छापा. आंकडा तोच राहतो. याउलट 'खंड ४४, अमुक पान' हें त्या पत्राचें केवळ ठिकाण आहे. भाषा बदलली, टाइप लहानमोठा झाला किंवा खंडाची बांधणी बदलली, कीं ठिकाण बदलतें. तथापि व्यवहारांत लोक नांवापेक्षां ठिकाणच अधिक वापरतात. खंड व पान सांगणें सोपें असतें, आणि वाचकाच्या हाताशीं छापील ग्रंथ असतो, संग्रहालयांतील कागद नसतो.

महाराष्ट्रांतील घराघरांत हा भेद नकळत ओळखला गेलेला आहे. तुकोबांचा अभंग कोणी आंकड्यानें ओळखीत नाहीं. त्याचे पहिले शब्द उच्चारले कीं पुढचा अभंग श्रोत्याच्या ओठावर येतो. १८६९ ते १८७३ या काळांत मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यांतून निघालेल्या गाथेंतील अभंगांचे आंकडे दुसऱ्या गाथांतील आंकड्यांशीं जुळतातच असें नाहीं. परंतु त्यामुळें वारकऱ्यांचें कांहीं अडत नाहीं. वैदिक परंपरेंतहि मंत्राचे आरंभींचे शब्द, म्हणजे त्याचें प्रतीक, हेंच त्याचें नांव म्हणून वापरण्याची रीत फार जुनी आहे. इतिहाससंशोधकांनींहि हाच विवेक दाखविला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हां प्रत्येक पत्रास लेखांक दिला. राजवाड्यांचा आधार देणारा अभ्यासक आजहि पान न सांगतां खंड व लेखांक सांगतो. पुनर्मुद्रणांत पानें सरकलीं, तरी लेखांक सरकत नाहीं. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दफ्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या वर्षांत निघाले. येरवड्यास गांधीजींची पत्रें लिहून होत होतीं, त्याच वर्षांत नदीच्या अलीकडे पुण्यांत जुन्या मोडी पत्रांस आंकडे पडत होते.

स्वामिनाथन् यांच्या ग्रंथमालेपुढें लवकरच एक पेंच आला. खंड कालक्रमानें निघत होते. परंतु जुनीं पत्रें मात्र कालक्रमानें सांपडत नाहींत. १९३० चा खंड छापून बाहेर पडल्यावर १९३० चें एखादें पत्र कोणाच्या पेटींत निघालें, तर तें घालावें कोठें? योग्य जागीं घालावयाचें, तर पुढील सर्व नोंदींचे आंकडे व पानें बदलणार, आणि तोंवर जगभर लिहिल्या गेलेल्या ग्रंथांतील आधार चुकणार. संपादकांनीं मूळ खंडांस हात लावला नाहीं. मागाहून मिळालेल्या सामग्रीसाठीं त्यांनीं ९१ ते ९७ असे पुरवणी खंड काढले. वाचकास दोन ठिकाणीं शोधावें लागतें, ही गैरसोय त्यांनीं पत्करली. पण एकदां दिलेलें ठिकाण त्यांनीं मोडलें नाहीं. छापखान्यांत जुळविलेला खिळा पुन्हा विसकटणें खर्चाचें असतें, हेंहि त्यास एक कारण असेल. त्या खर्चानें एक प्रकारें सत्याचें रक्षण केलें.

संगणक आल्यावर तो खर्च नाहींसा झाला. शेंकडों नोंदी तारखेप्रमाणें पुन्हा लावणें ही आतां एका आज्ञेची गोष्ट झाली. १९९९ सालीं प्रकाशन विभागानें या वाङ्मयाचें विद्युत्-पुस्तक तबकडीवर प्रसिद्ध केलें. त्यांत पुरवणी खंडांतील नोंदी मूळ कालक्रमांत मिसळल्या आणि सबंध सामग्री ९८ खंडांत नव्यानें वांटली. हेतु वाईट नव्हता. एका काळाचें सर्व लेखन एकत्र सांपडावें, ही इच्छा कोणाहि वाचकास पटण्यासारखी आहे. परंतु याचा परिणाम असा झाला कीं, जुन्या ४४ व्या खंडांतील सत्यावरचें येरवड्याचें विवेचन नव्या पुस्तकांत ४९ व्या खंडांत गेलें. चाळीस वर्षांत लिहिल्या गेलेल्या ग्रंथांतून 'खंड ४४' असा आधार घेऊन एखादा विद्यार्थी नव्या पुस्तकाचा ४४ वा खंड उघडील, तर त्याच्यापुढें त्याहून आधींच्या काळांतले कागद येतील. ग्रंथाचें नांव तेंच, ग्रंथकार तोच, खंडाचा आंकडाहि तोच. पण आंत मजकूर निराळा. आधार न देणें बरें, परंतु असा आधार वाचकास चुकीच्या दारांत नेऊन उभा करतो.

हें एवढ्यावरच थांबलें नाहीं. याच धर्तीवर सुधारलेली छापील आवृत्तिहि निघाली, आणि जाणत्या वाचकांस तींत कित्येक जुन्या नोंदी सांपडेनात. निरनिराळ्या खंडांच्या प्रस्तावनाहि गाळलेल्या होत्या. त्रिदीप सुहृद यांनीं २००४ सालीं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्यें या आवृत्तीची चिकित्सा केली; दीना पटेल यांनीं दोन्ही आवृत्त्या ताडून पाहण्याचें कष्टाचें काम केलें. येथें आंकड्यांचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाहीं. नव्या आवृत्तींत नोंदींस आरंभापासून पुन्हा ओळीनें आंकडे दिलेले असल्यामुळें, गळलेल्या नोंदीची रिकामी जागा कोठेंच दिसत नव्हती. दांत पडला तर खिंड दिसते. परंतु येथें उरलेले दांत सरकून एकमेकांस भिडले होते. गांधीजींच्या शब्दांवर देशांतील कितीतरी वाद आजहि लढविले जातात. येरवडा करारासंबंधींचीं १९३२ च्या सप्टेंबरांतील पत्रें हें त्याचें ठळक उदाहरण होय. अशा ठिकाणीं एखादा कागद आहे कीं नाहीं, हें खात्रीनें सांगतां न येणें ही लहान गोष्ट नव्हे. अभ्यासकांच्या तक्रारीनंतर शासनानें ती सुधारलेली आवृत्ति मागें घेतली.

या जागीं पुण्याचेंच आणखी एक उदाहरण आठवणें उचित होईल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभिलें. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं त्यास निश्चित पद्धति घालून दिली, आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. जे श्लोक मूळचे नव्हेत असें ठरलें, ते संहितेंतून काढणें भाग होतें. परंतु ते फेंकून दिले नाहींत. लहान उतारे तारांकित आंकडा देऊन तळटीपेंत ठेवले, मोठे उतारे परिशिष्टांत घातले. श्लोकांचे आंकडे अर्थातच नवे झाले. तेव्हां समासांत कलकत्ता व मुंबई येथील जुन्या छापील प्रतींचे आंकडे दाखविले. काय काढलें, तें कोठें ठेवलें आणि जुना आंकडा नव्या कोणत्या जागीं आला, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें पुस्तकांतच आहेत. क्रम बदलणें हा दोष नव्हे. बदलाचा माग न ठेवणें हा दोष होय, हें यावरून स्पष्ट होतें.

संगणकाच्या साहाय्यानें ग्रंथ प्रसिद्ध करणारी जी साधनें आतां प्रचारांत आहेत, त्यांच्या कर्त्यांसहि ह्याच अनुभवांतून जावें लागलें. संगणकांत फाईलीचें स्थान फोल्डरांच्या साखळीनें सांगतात. फाईल एका फोल्डरांतून दुसऱ्यांत हलविली, कीं तिच्याकडे नेणारा दुवा तुटतो. कारण तो दुवा नांवाशीं बांधलेला नसून ठिकाणाशीं बांधलेला असतो. यावर उपाय म्हणून फाईलीस तिच्या जागेशीं कांहींएक संबंध नसलेला ओळखक्रमांक देण्याची रीत पडली. त्यांतील एक फार प्रचलित प्रकार १२८ द्विमान अंकांचा असून तो अक्षरें व आंकडे मिळून ३२ चिन्हांनीं लिहितात. अशा संख्या इतक्या प्रचंड आहेत कीं, दोन संगणकांनीं एकमेकांस न विचारतां त्या यदृच्छेनें निवडल्या, तरी तीच संख्या दोनदां निघण्याचा संभव व्यवहारांत शून्य मानतात. विद्युत्-पुस्तकांसाठीं २००७ सालीं ठरलेल्या 'इ-पब' या बांधणींत प्रत्येक पुस्तकास असा एक अद्वितीय क्रमांक असलाच पाहिजे, असा नियम आहे. शिवाय आंतील प्रत्येक फाईलीस त्या पुस्तकापुरतें निराळें नांव लागतें.

१९९३ सालीं निघालेल्या 'पीडीएफ' या प्रकारांतील योजना तर विशेष विचार करण्यासारखी आहे. तींत फाईलीस दोन क्रमांकांची जोडी देतां येते. पहिला क्रमांक फाईल जन्मास येतांना पडतो व पुढें कायम राहतो. दुसरा क्रमांक फाईलींत फेरफार होईल तेव्हां बदलतो. पहिले आंकडे जुळले व दुसरे जुळले नाहींत, तर कागद तोच, पण मजकुरांत फेरफार झालेला, हें लगेच कळतें. शोधनिबंधांसाठीं २००० सालापासून चालू असलेल्या 'डीओआय' पद्धतींत नांव व ठिकाण यांची फारकत अधिकच स्पष्ट आहे. निबंधाचें नांव एकदां ठरतें. तो सध्यां कोठें ठेवला आहे, याची नोंद एका स्वतंत्र वहींत असते. प्रकाशक निबंध हलवितो तेव्हां वहींतील ठिकाण बदलतो, नांव बदलत नाहीं.

परंतु कोणतेंहि यंत्र आपण होऊन हा विवेक पाळीत नाहीं. वहींत ठिकाण लिहावयास माणूस चुकला, कीं उत्तम क्रमांकहि मुका होतो. एकदां दिलेला क्रमांक दुसऱ्या कागदास न देणें, कागद काढून टाकला तरी त्याचा क्रमांक व काढण्याचें कारण नोंदींत ठेवणें, आणि नवा क्रम लाविला तर जुन्या क्रमाशीं त्याचा मेळ घालणारें कोष्टक सोबत देणें, हे तीन नियम संपादकाच्या मनांत असावे लागतात. त्यांपैकीं एकहि नियम संगणकामुळें जन्मास आलेला नाहीं. लेखांक देणारे राजवाडे आणि तारांकित आंकडे घालणारे सुखठणकर ते पाळीत होते.

गांधी वाङ्मयाच्या बाबतींत अखेर चूक सुधारण्याचा मार्ग निघाला. साबरमती आश्रमाच्या विश्वस्त संस्थेनें २ सप्टेंबर २०१३ रोजीं सुरू झालेल्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्तीचीं पानें, त्यांच्या मूळ आंकड्यांसह, जशींच्या तशीं वाचकांस खुलीं केलीं. २०१५ सालीं प्रकाशन विभागानें गुजरात विद्यापीठाच्या साहाय्यानें शंभर खंडांची विद्युत्-आवृत्ति मूळ आवृत्तीस धरून प्रसिद्ध केली. तथापि १९९९ च्या पुस्तकाच्या प्रती अद्याप फिरत आहेत, आणि त्यांतील आंकडे घेऊन लिहिलेले ग्रंथहि कपाटांत आहेत. एकदां जगांत सोडलेला आंकडा परत बोलावतां येत नाहीं. म्हणून आज येरवड्याचें एखादें पत्र आधारास घेणारानें खंड व पान सांगतांना आवृत्ति कोणती तें सांगावें, तारीख व घेणाराचें नांव सांगावें, आणि नोंदीखालच्या त्या बारीक ओळींतील संग्रहालयाचा आंकडा लिहून घेण्याचा आळस करूं नये. पन्नास वर्षांनीं दुसऱ्या कोणास तें पत्र शोधावयाचें झालें, तर तोवर खंड बदललेले असतील, यंत्रेंहि बदललेलीं असतील; संग्रहालयाच्या दारांत त्याच्या उपयोगीं पडेल तो हाच आंकडा.